तळे गुलाबी झाले त्या वर्षी : प्रकाशाने मोजण्याचे शास्त्र आणि आपली मुले

जून २०२०. टाळेबंदी अजून पुरती उठली नव्हती आणि लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. एरवी हिरवट दिसणारे पाणी काठावरून बघताना कोणी तरी रंग कालवल्यासारखे दिसत होते. दोन-तीन दिवसांत मोबाईलवरचे फोटो राज्यभर फिरले. गावात तर्क सुरू झाले. कोणी कोप म्हणाले, कोणी चमत्कार म्हणाले, कोणी कुठून तरी रसायन आल्याचे ठामपणे सांगितले. कोरोनाची भीती होतीच, त्यात ही भर.

त्याच वर्षी सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई दारोदार फिरू लागल्या. बोटाला एक लहानसा चिमटा लावायचा आणि आकडा सांगायचा. ९७ आला की घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा, ९१ आला की गाडी बघायला धावपळ.

सरोवराचा गुलाबी रंग आणि बोटावरचा तो चिमटा या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असे मला तेव्हा वाटले नव्हते. मी समाजशास्त्राची. बारावीनंतर भौतिकशास्त्राशी संबंध सुटला तो सुटलाच. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत बी.एस्सी. फिजिक्सचा एक मुलगा येत असे. त्याने एकदा विचारले, “ताई, आकाशातून आपलं तळं बघून त्याचा रंग मोजतात, ते शिकायचं असेल तर कुठे जायचं?” अभ्यासिकेत एमपीएससी, तलाठी भरती, पोलीस भरती यांची पुस्तके भिंतभर आहेत. या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीवर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. ते शोधता शोधता मला जे समजले ते इथे मांडते आहे. माझ्या परीने सोपे करून सांगते. भौतिकशास्त्राच्या मित्रांनी सांभाळून घ्यावे.

या विषयाला ‘ऑप्टिकल इमेजिंग अँड सेन्सिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रकाशाने चित्र घेणे आणि प्रकाशाने मोजणे.

हात न लावता मोजणे

प्रत्येक वस्तू तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग गिळते आणि उरलेला परत पाठवते. काय गिळले आणि काय परत पाठवले यावरून ती वस्तू कशाची बनली आहे याचा अंदाज लागतो. झाडाचे पान निळा आणि लाल प्रकाश गिळते, थोडा हिरवा परत पाठवते, म्हणून ते हिरवे दिसते. पण त्याहूनही जास्त ते परत पाठवते ते अवरक्त किरण, जे आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. रोप निरोगी असेल तर हे परावर्तन भरपूर असते, रोग पडला किंवा पाण्याचा ताण बसला की ते घटते. डोळ्याला पान पिवळे दिसण्याआधीच हा फरक उपकरणाला सापडू शकतो. भारतात रिमोट सेन्सिंगची सुरुवात याच गोष्टीने झाली. १९७० मध्ये शास्त्रज्ञ पिशारोटी यांच्या पुढाकाराने केरळमधल्या नारळाच्या बागांवरून हेलिकॉप्टर फिरवून अवरक्त फिल्मवर फोटो घेतले गेले आणि रोग लागलेली झाडे त्यात वेगळी ओळखता आली. पिशारोटी हे सर सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी.

आता लोणारकडे येऊ. सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे, सामू साधारण साडेदहाच्या आसपास. अशा पाण्यात मासे जगत नाहीत, पण सूक्ष्म जीव मजेत राहतात. नेहमीचा हिरवा रंग हा निळ्या-हिरव्या शैवालांमुळे, म्हणजे त्यांच्यातल्या हरितद्रव्यामुळे. २०२० च्या उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली, क्षारता वाढली, आणि मीठ आवडणाऱ्या वेगळ्या जीवांची चलती झाली. त्यांना हॅलोआर्किया म्हणतात. त्यांच्या अंगातले रंगद्रव्य ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा-हिरवा प्रकाश गिळते आणि लाल तेवढा सोडते. म्हणून पाणी गुलाबी.

अमेरिकेच्या लँडसॅट-८ या उपग्रहाने २५ मे २०२० ला सरोवराचे चित्र घेतले तेव्हा पाणी हिरवे होते. १० जूनच्या चित्रात ते गुलाबी होते. ही दोन्ही चित्रे नासाने प्रसिद्ध केली. मध्ये बरोबर सोळा दिवस आहेत, कारण तो उपग्रह त्याच जागेवर सोळा दिवसांनीच परत येतो.

हा उपग्रह ७०५ किलोमीटर उंचीवरून बघतो आणि त्याच्या रंगीत चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३० मीटर लांब-रुंद तुकडा. हे किती बारीक आहे? शंभर मीटरवर ठेवलेला ज्वारीचा एक दाणा ओळखण्याइतके. युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे, तो तर शंभर मीटरवरचा राजगिऱ्याचा दाणा झाला. सरोवराच्या पाण्याची रुंदी साधारण १.२ किलोमीटर. म्हणजे लँडसॅटच्या चित्रात आपले अख्खे तळे आडवे जेमतेम चाळीस ठिपक्यांचे. एवढ्याशा ठिपक्यांवरून शास्त्रज्ञ बोलतात, तेव्हा ते कशाच्या आधारावर बोलतात हे समजून घेतले पाहिजे.

कारण अडचण पुढे आहे. पाणी फार थोडा प्रकाश परत पाठवते. पाण्यावर रोखलेल्या उपग्रहाच्या कॅमेऱ्यात जो प्रकाश शिरतो, त्यातला बराच मोठा हिस्सा पाण्यातून आलेला नसतोच, तो मधल्या हवेने विखुरलेला असतो. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा साधारण चौपट जास्त विखुरतो. आकाश निळे दिसते तेही याच कारणाने. मे-जूनमध्ये विदर्भातल्या हवेत धूळ किती असते ते आपल्याला सांगायला नको. ही हवा हिशेबातून वजा केल्याशिवाय पाण्याचा खरा रंग हाती येत नाही. ही वजाबाकी कशी करायची, यावर लोकांनी आयुष्ये घालवली आहेत.

आणि एवढे करूनही उपग्रह फक्त इतकेच सांगू शकला की रंग बदलला. का बदलला, हे सांगितले ते पाण्यात उतरून बाटली भरणाऱ्यांनी. वन विभागाने नमुने गोळा केले, ते नागपूरच्या नीरी आणि पुण्याच्या आगरकर संशोधन संस्थेकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे सरोवराचा विषय चालू होता, तिथेही याची विचारणा झाली. हॅलोआर्कियाचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. नमुन्याच्या भांड्यातले जीव तळाशी बसले तेव्हा वरचे पाणी नितळ दिसू लागले, म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, जीवांचा होता. पावसाचे पाणी आले, क्षारता उतरली, रंगही गेला.

मला या सगळ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. चित्र दिसणे वेगळे आणि कारण कळणे वेगळे. पदव्युत्तर पातळीवर हा विषय शिकणे म्हणजे मुख्यतः या दोहोंमधले अंतर शिकणे. आकाशातला आकडा आणि जमिनीवरचा आकडा समोरासमोर ठेवून पहिला किती खरा आहे हे तपासणे. त्यांच्या भाषेत कॅलिब्रेशन आणि व्हॅलिडेशन. ज्याला जमीन माहीत आहे, त्याचे इथे काम आहे.

बोटावरचा चिमटा कोणाच्या बोटावर तपासला?

आता दुसरे उपकरण. आशाताईंचा ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकारचा प्रकाश सोडतो: एक ६६० नॅनोमीटरचा लाल, दुसरा ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. प्राणवायू घेतलेले रक्त आणि न घेतलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात गिळतात. नाडीच्या ठोक्याबरोबर जो भाग कमी-जास्त होतो तेवढाच धरायचा, त्या दोहोंचे गुणोत्तर काढायचे आणि त्यावरून टक्केवारी सांगायची. ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ ची. तळ्याचे शास्त्र आणि बोटाचे शास्त्र एकच. एका ठिकाणी अंतर ७०५ किलोमीटर, दुसऱ्या ठिकाणी बोटाची जाडी.

पण गुणोत्तरावरून टक्केवारी काढायचे कोष्टक कुठून येते? निरोगी माणसांना बसवून, त्यांचा प्राणवायू थोडा थोडा कमी करून, त्यांच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी करून ते तयार करतात. ती माणसे कोण, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा नाही, तो समाजशास्त्राचा आहे. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनच्या डॉक्टरांचा अभ्यास एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता, पण धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत प्राणवायू ८८ च्या खाली निघाला, असे काळ्या रुग्णांमध्ये ११.७ टक्के वेळा घडले आणि गोऱ्या रुग्णांमध्ये ३.६ टक्के वेळा. त्वचेतले मेलॅनिनही प्रकाश गिळते, आणि कोष्टक बनवताना गडद त्वचेची माणसे पुरेशी घेतलीच नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार चाचणीला दहा माणसे पुरत होती आणि त्यात गडद त्वचेची दोन असली तरी चालत होते.

यंत्राने मुद्दाम भेदभाव केला असे कोणी म्हणत नाही. पण यंत्र तयार होताना जे त्या खोलीत नव्हते, त्यांच्यासाठी ते कमी खरे ठरले. आपल्याकडे दिवसभर उन्हात राबणाऱ्या शेतमजुराच्या, वीटभट्टीवरच्या बाईच्या बोटावर हाच चिमटा लागतो. त्यांच्या बोटांवर तो किती खरा बोलतो, हा एम.टेक.च्या प्रबंधासाठी किंवा पीएच.डी.साठी उत्तम विषय आहे. तो विषय कोणाला सुचेल? ज्याने ती बोटे जवळून पाहिली आहेत त्याला.

आपल्या शेतीचेही तेच. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत उत्पादनाचा अंदाज उपग्रहाच्या मदतीने काढण्याची पद्धत २०२३ पासून आली. भात आणि गव्हासाठी अशा अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले, नंतर सोयाबीनही त्यात आले. बुलढाणा जिल्ह्यात सोयाबीनवर किती घरे उभी आहेत हे वेगळे सांगायला नको. म्हणजे नुकसानभरपाईचा आकडा आता काही अंशी प्रकाशाच्या मोजमापावर ठरतो. एका ठिपक्यात सोयाबीन आणि बांधावरची बाभूळ एकत्र आली तर काय होते, तुरीचे आंतरपीक असेल तर काय होते, हे प्रश्न अमूर्त राहिलेले नाहीत. (जाता जाता एक गोष्ट: उपग्रहाला पीक दिसते, ते कोण कसते हे दिसत नाही. बटाईने करणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. तेवढा भाग अजून आम्हा समाजशास्त्रवाल्यांकडेच आहे.)

शिकतात म्हणजे काय शिकतात

ढोबळमानाने या क्षेत्राला दोन दारे आहेत. एक उपकरण बनवणाऱ्यांचे, दुसरे उपकरणाने दिलेली चित्रे वाचणाऱ्यांचे. दोन्हीकडची माणसे एकमेकांशी बोलतात, पण प्रवेश, परीक्षा आणि नोकऱ्या वेगळ्या आहेत. ही गोष्ट आधी कळली नाही तर वर्ष वाया जाते.

पहिल्या दाराने गेलात तर अभ्यास भौतिकशास्त्राचा आणि गणिताचा. भिंगे आणि आरसे कसे आखायचे, प्रकाश कडेवरून वळतो त्यामुळे चित्राच्या बारकाईला मर्यादा कशी येते, लेझर, वर्णपटमापन, प्रकाश टिपणारे सेन्सर आणि त्यांतला गोंगाट, लेझरचा झोत सोडून परत येईपर्यंतचा वेळ मोजणारे लिडार, आणि शेवटी संगणकावर चित्रावरची प्रक्रिया. यातल्या एका विषयाचे नाव फूरिए ऑप्टिक्स. आमच्या मुलाला पहिल्या सत्रात याच विषयाने रडवले. गणिताचा पाया कच्चा असेल तर तो आताच पक्का करावा लागेल, हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. बी.एस्सी.ला ‘येतील ते प्रश्न’ पाठ करून पास होणारे इथे टिकत नाहीत. पण ज्याला प्रयोगशाळेत हाताने काम करायला आवडते, त्याला हे क्षेत्र मानवते.

एम.टेक.साठी दिल्ली आयआयटीत अप्लाइड ऑप्टिक्स आहे, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत ऑप्टिकल इंजिनिअरिंग आहे, कोचीन विद्यापीठाचे इंटरनॅशनल स्कूल ऑफ फोटॉनिक्स आहे, कोलकाता विद्यापीठाचा ऑप्टिक्स आणि फोटॉनिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे काम मिळते ते अशा ठिकाणी: इस्रोचे कॅमेरे जिथे तयार होतात ते अहमदाबादचे स्पेस अॅप्लिकेशन्स सेंटर, बंगळुरूची इस्रोची प्रकाशीय प्रयोगशाळा, डीआरडीओची डेहराडूनची संस्था, चंडीगडची सीएसआयओ. आपल्या पुण्यात आयुका आहे. २०२३ मध्ये सूर्याकडे निघालेल्या आदित्य-एल१ वरची सूर्याची अतिनील चित्रे घेणारी दुर्बीण तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने बनली. याशिवाय वैद्यकीय उपकरणे आणि कारखान्यातली तपासणी यंत्रे बनवणाऱ्या खासगी कंपन्या आहेत. डोळ्याचा पडदा थरथराने दाखवणारे ओसीटी यंत्र हेही याच शास्त्राचे.

दुसऱ्या दाराने गेलात तर रिमोट सेन्सिंग आणि जिओइन्फर्मेटिक्स. भूगोल, भूगर्भशास्त्र, कृषी, स्थापत्य, संगणक, यांतल्या कोणालाही इथे यायला वाट आहे. मुंबई आयआयटीत सीएसआरई नावाचे केंद्र आहे, डेहराडूनला इस्रोची आयआयआरएस ही संस्था एम.टेक. चालवते. राज्य सरकारचे रिमोट सेन्सिंग केंद्र, एमआरसॅक, नागपूरला आहे आणि १९८८ पासून काम करते आहे. पुण्यात खासगी संस्थाही आहेत, पण त्यांची फी बघून मगच स्वप्न रंगवा.

लोणारच्या मुलाला या दुसऱ्या दाराचे एक जास्तीचे आकर्षण आहे. आपले विवर बेसाल्ट खडकात आघाताने तयार झालेले आहे, आणि चंद्रावरची काळी मैदाने बेसाल्टचीच आहेत. म्हणून चंद्राचा आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासायला येतात. चांद्रयान-१ वरच्या वर्णपटमापकाने २००९ मध्ये चंद्रावर पाण्याच्या खुणा दाखवल्या, त्याही याच पद्धतीने, परत आलेल्या प्रकाशात नेमका कोणता तुकडा गहाळ आहे ते पाहून. आपण शाळेतून सहलीला जिथे उतरलो, तिथला दगड कुणाच्या तरी प्रयोगशाळेत चंद्राच्या दगडाशेजारी ठेवलेला आहे.

परीक्षा, पैसा आणि कागद

बी.एस्सी. फिजिक्सनंतर सरळ एम.टेक. होत नाही, हे आधी लक्षात घ्या. आधी एम.एस्सी. आयआयटीत करायची तर ‘जॅम’ ही परीक्षा, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी, नाहीतर अमरावती, नागपूर, पुणे, संभाजीनगर यांसारखी आपली विद्यापीठे आहेतच. त्यानंतर ‘गेट’. फिजिक्सचा पेपर आहेच, शिवाय २०२२ पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंग असा स्वतंत्र पेपर सुरू झाला आहे, तो दुसऱ्या दाराने जाणाऱ्यांना उपयोगी. इंजिनिअरिंग केलेल्यांना गेट देऊन थेट एम.टेक.ला जाता येते. गेटवर एम.टेक.ला प्रवेश घेतलेल्यांना दरमहा १२,४०० रुपये मिळतात. ही रक्कम मोठी नाही, पण घरून पैसे मागवायची वेळ येत नाही. बऱ्याच पालकांना हे माहीतच नसते. ‘अजून दोन वर्षे शिकणार, म्हणजे अजून दोन वर्षे खर्च’ असा त्यांचा हिशेब असतो आणि मुलगी असेल तर तो हिशेब तिथेच मिटतो. घरी जाऊन हा आकडा सांगणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे. मी तीन घरी सांगितला, एका घरी उपयोग झाला.

त्याआधीच्या एम.एस्सी.साठी महाडीबीटीवरून भरायची भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना. पीएच.डी.ला गेलात तर अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची फेलोशिप आहे. परदेशात जायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ विद्यार्थ्यांना मिळते, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध दोघांसाठी. विद्यापीठाचा जागतिक क्रमांक आणि उत्पन्न यांच्या अटी बदलत असतात, त्या-त्या वर्षीची जाहिरातच वाचा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, १२५ जागांची. २०२२ मध्ये तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. माझ्यासारख्यांना ते दार लागले. मला ते अन्यायाचे वाटते आणि त्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे. पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते उघडे आहे, तर त्याने आत जावे. युरोपात इरॅस्मस मुंडस नावाने काही विद्यापीठे मिळून एम.एस्सी. चालवतात, त्यांत फोटॉनिक्स आणि प्रतिमाशास्त्राचेही अभ्यासक्रम आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तर फी माफ आणि दरमहा १,४०० युरो. तिथे जात विचारत नाहीत, गुण, शिफारसपत्रे आणि तुम्ही स्वतः लिहिलेले पान बघतात.

आता कागदांचे. आमचा मुलगा पहिल्या वर्षी गुणांमुळे अडला नाही, कागदामुळे अडला. राज्याच्या नमुन्यातले जातप्रमाणपत्र होते, वैधताही होती. केंद्रीय संस्थेने केंद्राच्या नमुन्यातले मागितले. ते काढायला तो गेला, तर एका कार्यालयात तुमचा धर्म बौद्ध आहे, मग अनुसूचित जातीचे केंद्राचे प्रमाणपत्र कसे देऊ, असे विचारण्यात आले. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रातही बौद्धांना हे संरक्षण मिळाले आहे, ही गोष्ट त्या टेबलावरच्या माणसाला तीस वर्षांनंतरही नवी होती. वाद, अर्ज, फेऱ्या, आणि तोवर मुदत संपली. एक वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो होतो. म्हणून सांगते, पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच केंद्राच्या नमुन्यातले प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता हातात ठेवा. तहसीलमध्ये जाताना दुरुस्तीची प्रत सोबत न्या. भांडायला एकट्याला पाठवू नका.

आजपासून, लोणारमध्ये बसून

या विषयात एक गोष्ट फार चांगली आहे. सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही. लँडसॅटची चित्रे २००८ पासून सर्वांना फुकट आहेत, आणि त्या मालिकेतला पहिला उपग्रह १९७२ चा आहे. सेंटिनेल-२ ची चित्रे २०१५ पासूनची, तीही फुकट, दर काही दिवसांनी नवी. ती उघडायला क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर, तेही फुकट. आयआयआरएस ऑनलाइन वर्ग घेते, त्याला पैसे नाहीत. अभ्यासिकेत एक बरा संगणक आणि इंटरनेट असेल तर झाले.

आमच्या मुलाने असेच केले. लाल आणि अवरक्त या दोन पट्ट्यांची वजाबाकी भागिले बेरीज, एवढ्याशा सूत्रावर त्याने विवराच्या उतारावरच्या वेड्या बाभळीचा नकाशा करून पाहिला. ही परकी बाभूळ तिथल्या मूळ झाडांना मारते आहे हे सगळे बोलतात. ती कुठे आणि किती, हे दाखवायचा हा त्याचा पहिला प्रयत्न. पहिला नकाशा साफ चुकला. बाभूळ आणि दुसरी झाडे पावसाळ्यात सारखीच हिरवी दिसतात, ठिपक्याला दोन्ही एकच. मग त्याच्या लक्षात आले की एप्रिलचे चित्र घ्यायला हवे. बाकीची झाडे निष्पर्ण होतात तेव्हा बाभूळ हिरवी असते. हे त्याला कोणत्या पुस्तकाने सांगितले नाही. त्याची आजी उन्हाळ्यात त्याच बाभळीचे सरपण आणायची, त्यावरून त्याला ते सुचले. मुलाखतीत त्याने हेच सांगितले आणि तिथल्या प्राध्यापकांनी त्याला वीस मिनिटे याच एका गोष्टीवर प्रश्न विचारले.

आता तो एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला आला तेव्हा अभ्यासिकेतल्या दोन मुलींना त्याने एक काम देऊन ठेवले. उपग्रह आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो. त्याच्या तारखा त्याने वहीत लिहून दिल्या आहेत. त्या दिवशी त्या वेळी विवराच्या काठावर, ठरलेल्या एकाच जागेवरून पाण्याचा फोटो घ्यायचा आणि वहीत चार गोष्टी लिहायच्या: पाण्याचा रंग, वारा, ढग, धूळ. एकीचे बी.एस्सी. दुसरे वर्ष आहे, दुसरी अकरावीला आहे.

त्यांची वही मी परवा चाळली. पावसाळ्याआधी त्याने फोनवरच सांगितले होते म्हणून त्यांनी जूनपासूनच नोंदी सुरू केल्या होत्या. जुलैच्या पानावर पाच तारखा आहेत आणि पाचही ठिकाणी ‘ढग, काही दिसत नाही’ एवढेच. ऑगस्टमध्येही तसेच. ढगांपुढे हे शास्त्र हात टेकते, तिथे रडार लागते आणि तो वेगळा विषय आहे. अकरावीतल्या मुलीने मात्र प्रत्येक ढगाळ दिवशीही काठावर जाऊन फोटो घेतला आहे. मी विचारले, उपग्रहाला दिसलंच नाही तर तू कशाला गेलीस? ती म्हणाली, “त्याला दिसलं नाही म्हणूनच गेले. नाहीतर त्या दिवशी पाण्याचा रंग काय होता ते कुठेच राहिलं नसतं.”